छप्पर उघडं असताना

गिरगाव,
६ फेब्रुवारी २०२५

चि. बेबी हिस दादाचे अ. उ. आ.

फोनवर तू ओरडतेस आणि माझ्या कानांना तुझा राग तेवढा कळतो, शब्द नाही. त्यापेक्षा हे पत्र बरं. गिरगावहून शिवाजी पार्कला पोचायला त्याला तीन दिवस लागले तरी लागू देत.

घराच्या छपराची खबर बरी नाही. बावीस वर्षांपूर्वी मी हौसेनं कौलं उतरवून ते रेती चिकटवलेल्या डांबरी पट्ट्यांचं शिंगल बसवलं, तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. आता पन्हळीत काळी रेती साचते, ती त्या शिंगलचीच झड. कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळल्या आहेत. वरच्या खोलीत तुझ्या वहिनीच्या पलंगाच्या बरोबर वर, तक्तपोशीला ओलीचा मोठा डाग धरलाय. ही म्हणते, डाग नव्हे, ढग आहे. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून ही पडल्या पडल्या त्या ढगाकडे बघत असते. कधी त्यात गलबत दिसतं, कधी आपली आई सांडगे घालताना दिसते. हिनं सांगितलं की मलाही तेच दिसायला लागतं.

शामराव म्हणून एक छपराचे कंत्राटदार येऊन बघून गेले. ते म्हणाले, जुन्यावरच नवं शिंगल ठोकलं तर दोन दिवसांत काम होईल आणि कुणाला हलावं लागणार नाही. सगळं उखडून करायचं तर दहा दिवस खोली रिकामी हवी. ही खोली सोडायला तयार नाही. म्हणाली, या घरातून आडवं होऊन एकदाच बाहेर पडायचं असतं. आमचा लेक यतीनही वरूनच ठोका म्हणतो, मीही होकार देणार आहे. तू सोसायटीची सेक्रेटरी असताना गच्चीवरच्या शेडचं शिंगल बदललंस, म्हणून आधी तुझ्या कानावर घातलं.

छप्पर गळलं तरी लोभ गळू देऊ नकोस.

तुझा,
दादा

*

शिवाजी पार्क,
११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास बेबीचे सा. न. वि. वि.

होकार दिला असशील तर आधी तो परत घे, मग पुढचं वाच.

आम्हीही जुन्यावर नवं ठोकलं होतं. तीन पावसाळे सगळे माझं कौतुक करत होते. चौथ्या वर्षी शेडचा कोपरा बसला, कारण खालचा प्लाय कुजून भिजक्या पावासारखा झाला होता आणि वरच्या दोन थरांचं ओझं त्याच्यावर होतं. झाकल्यानं दुखणं बरं होत नाही, दादा, ते आत वाढतं. तुझा तो ढग वहिनींच्या बरोबर डोक्यावर आहे. तिथलं लाकूड उघडून, टोचून बघितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

शामरावांना सांग, सगळं लाकडापर्यंत उतरवा. एका दिवसात झाकता येईल तेवढाच भाग एका वेळी उघडा. शिंगलच्या खाली जलरोधक कागद नवा, भिंतीच्या सांध्यातली पत्र्याची पट्टीही नवी. जुनी पट्टी पुन्हा बसवणं म्हणजे नव्या पातळाला जुना काठ. वळचणीला आणि आढ्याला हवा खेळायला फटी ठेवायला लाव, तुझं शिंगल खालून भाजून निघालंय असं मला वाटतं. आणि कंपनीची हमी मालाची असते, हातकामाची नसते. हातकामाची हमी शामरावांकडून वेगळी लिहून घे. तू माणसाचा चेहरा बघून विश्वास ठेवतोस, ते छपराच्या बाबतीत चालणार नाही.

वहिनी माझ्याकडे येतील. यतीनच्या सोळाव्या मजल्यावर त्यांना गरगरतं, माझा पहिलाच मजला आहे. पलंग खिडकीशी लावते. एक गोष्ट मात्र बोलून टाकते. शिंगल घालताना तू आपलं काचेचं कौल काढलंस. त्याच्या कवडशात बसून वहिनी तांदूळ निवडायच्या. त्या तेव्हा तुला काही बोलल्या नाहीत, पण माझ्याजवळ म्हणाल्या होत्या, की आता दुपार झाली ते घड्याळ बघून कळतं.

रागावलास तरी चालेल, पण ऐक.

तुझी,
बेबी

*

गिरगाव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. बेबी हिस अ. उ. आ.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. कवडशाची ओळ मी पुन्हा मागे जाऊन वाचली. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ही चहा घेता घेता म्हणाली, की जाते, पण मला निरोप नीट द्या. नीट म्हणजे कसा, ते विचारायचा धीर मला झाला नाही. एक तारखेला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली उतरवू. शामरावांनी तुझ्या सगळ्या अटी लिहून सही केली. तुमच्या भगिनी कुठल्या खात्यात होत्या, असं विचारत होते. शाळेत शिक्षिका होत्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

माझं माणूस तुझ्या हवाली करतोय, जप.

तुझा,
दादा

*

शिवाजी पार्क,
५ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र यतीनच्या हातीच पाठवतेय, टपालाची वाट बघायला वेळ नाही. वहिनी जेवत नाहीत. चार दिवस दोन घास पेज आणि पाणी. खिडकीतून मैदान दिसतं, सकाळी फिरणारी मंडळी दिसतात, समुद्राचा वारा येतो, पण त्या भिंतीकडे तोंड करून असतात. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, प्रकृतीत नवीन काही नाही, मनाचं बघा.

काल केस विंचरताना मी हट्टच धरला, तेव्हा बोलल्या. दारातून खुर्ची निघाली तेव्हा दह्याची वाटी तुझ्या हातात होती म्हणे. बाहेर जाणाऱ्याच्या हातावर आपल्याकडे दही घालतात ते तो सुखरूप परत यावा म्हणून. तू वाटी घेऊन दारापर्यंत आलास, वहिनींकडे बघितलंस, आणि वाटी तशीच आत घेऊन गेलास. त्या म्हणाल्या, यांनाही कळलंय मी परत येणार नाही ते. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, मीच रडले.

अरे, काय केलंस हे? आईनं तुला परीक्षेला जाताना कधी दह्याशिवाय सोडलं होतं का? लगेच उत्तर दे.

बेबी

*

गिरगाव,
६ मार्च २०२५

चि. बेबी, हे पत्र हिला मोठ्यानं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

वाटी मी परत नेली हे खरं. मी मूर्ख आहे. दारात आलो, हिची मुठीत धरलेली चादर बघितली, आणि वाटलं, दही देतात ते जाणाऱ्याला. ही कुठे जातेय? छप्पर होईपर्यंत नणंदेकडे टेकायला चाललीय. हातावर दही घातलं तर ही खरंच निघाली असं होईल, अशी भीती वाटली. न दिल्यानं जाणं घडणारच नाही, असं माझं गणित. हिशेबात मी शाळेपासून कच्चा.

आता खोलीचं सांगतो. हिच्या पलंगावरचा भाग परवा उघडला. शामरावांनी प्लायला स्क्रूड्रायव्हर लावला तो मुठीपर्यंत आत गेला. खालच्या वाशाचं टोक पोकळ झालं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, वरून ठोकलं असतं तर हा पावसाळा निघाला नसता. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. ही त्याच्याखाली वर्षभर झोपत होती, बेबी. तू हट्ट केला नसतास तर काय झालं असतं, ते मला मनातही आणवत नाही.

काल दुपारी कामगार जेवायला गेल्यावर मी वर जाऊन हिच्या जागेवर पडलो. कुजकी तक्तपोशीही उतरवलेली, रात्रीपुरती घातलेली ताडपत्री काढलेली; डोक्यावर छप्पर नाही, नुसतं आभाळ. घारी फिरतात. एक ढग आढ्यावरून सरकत गेला आणि मला वाटलं, ढग जागेवर आहे, घरच चाललंय हळूहळू, समुद्राकडे. डोळा लागला. स्वप्नात ही कवडशात बसून तांदूळ निवडत होती, आणि मला म्हणाली, पाय काढा, माझ्या उन्हात येताय.

उठल्याबरोबर शामरावांना सांगितलं, इथे काच बसवायची. ते तयार नव्हते. छपराला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गळतीला आमंत्रण, म्हणाले. मी म्हटलं, चारी बाजूंनी पत्रा शिंगलखाली नीट घ्या, आणि हमीत काचही लिहा. आज सकाळीच काच बसली. साडेदहाला कवडसा पलंगाच्या पायथ्याशी पडतो, दुपारी उशीपाशी येतो. उशी रिकामी आहे. मला ती बघवत नाही.

यतीनबरोबर वाटी पाठवतोय. दही मी लावलंय, जन्मात पहिल्यांदा. थोडं आंबट झालंय. हिच्या हातावर माझ्या वतीनं घाल.

दादा

*

शिवाजी पार्क,
१२ मार्च २०२५

तीर्थस्वरूपांच्या सेवेशी नलिनीचा शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नये. पत्र यतीनच्या हाती देतेय. अठ्ठेचाळीस वर्षांत तुम्हांला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. तुम्ही कायम समोर असायचात.

बेबीताईंनी पत्र वाचलं. एकदा वाचलं, मग मी म्हटलं पुन्हा वाचा. तुमच्या दह्यात पाणी फार आणि चव चिंचेसारखी. चमचाभर सोडून सगळं खाल्लं. त्या दिवसापासून भातही खातेय, बेबीताईंना विचारा. खिडकीकडे तोंड करून निजते. मैदानातली मुलं चेंडू मारतात आणि मी इथून धावा मोजते.

तुम्ही घाबरलात ते मला दारातच सांगायचं होतं. मीही घाबरले होते. दोघांनी आपापली भीती एकाच वाटीत झाकून ठेवली.

उन्हात पाय घालाल तर पुन्हा ओरडेन. उशी हलवू नका. शनिवारी यतीन गाडी आणतोय, दहाच्या आत पोचू, म्हणजे साडेदहाचा कवडसा चुकणार नाही.

घरात दही लावू नका. वाटीतलं चमचाभर विरजण मी राखून ठेवलं होतं, रोज त्यातूनच नवं लावतेय. आता ते गोड लागतं. तीच वाटी घेऊन येतेय.

येते.

आपली,
नलिनी