गुरूच्या नावाचा रकाना

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार, ६ जुलै

प्रिय श्रावस्ती,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. पप्पांचं पत्र म्हणजे वर विषय, खाली संदर्भ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’, असं तू तुझ्या मैत्रिणीला, सलोनीला सांगायचीस, ते मी ऐकलंय. पण करू काय? फोनवर तू ‘हो’, ‘जेवले’ आणि ‘आत्याला देते’ एवढंच बोलतेस. माझा घसा खाकरून होईपर्यंत उन्नती फोनवर आलेली असते आणि मग नागपूरच्या उन्हाची हकीकत सुरू होते. धाकटी बहीण असली तरी तिच्याजवळ हे बोलायचा मला धीर नाही. म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून सकाळपासून बसलोय. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. कूलरचा पंप गेला होता, तो बदलून घेतला. भात अजून तिघांचाच होतो. तांदूळ मोजताना हात आपोआप तीन मुठी घेतो आणि मग दोन दिवस मी फोडणीचा भात खात बसतो. ऑफिसातून निघायला मी उगाच उशीर करतो, तर शिपाई म्हणतो, साब, घर नहीं जाना क्या? आता त्याला काय सांगू? खरं सांगतो बेटा, घर खायला उठतं. आजोबांच्या बाजाच्या पेटीवर तू चादर घालून गेलीस, तशीच आहे. तिच्याजवळून जाताना मी भिंतीकडे बघतो. रविवारी तर दुधाच्या बूथवर दोनदा जातो, एकदा दुधाला आणि एकदा तिथल्या बाईशी चार शब्द बोलायला. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. बडोद्याच्या कॉलेजचं प्रवेशपत्र आलंय, सोबत जोडलंय. ऑडिशन बावीस जुलैला, सकाळी साडेदहाला. तू उन्नतीला सांगितलंस म्हणे की जाणार नाही, नागपुरातच बी. कॉम. करीन, गाणं झालं तेवढं पुरे. उन्नतीला वाटतं, दिल्लीच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून तू हिरमुसलीस. मला ठाऊक आहे, ते कारण नव्हे. ज्या आजोबांनी अकरा वर्षं शिकवलं त्यांनीच गुरू म्हणून आपलं नाव लावू दिलं नाही, मग आता कुणाच्या बळावर गायचं, हे तुझ्या मनात बसलंय. तू ते एकदाच बोललीस, तेही आजोबांना स्मशानात पोचवून आल्यावर, आणि मी मूग गिळून बसलो.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई गेली. मला ना वेणी घालता येत होती, ना तुला झोपवता. मूर्तिजापूरहून आजोबा आले ते एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि राहिले. ‘तात्याराव वानखडे आणि पार्टी’ म्हणजे आपल्या भागात चौदा एप्रिलला गाण्यासाठी दहा गावांची ओढाताण असायची. तो माणूस दिल्लीत येऊन तुझा डबा भरायला लागला. डबा झाला की सूर, शाळेतून आलीस की पुन्हा सूर. तुला तो खेळच वाटायचा. त्यांच्यातली रीत त्यांनी तुला पहिल्याच वर्षी सांगितली होती, की शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव आलंच पाहिजे. नाव घेतलं नाही तर समोरची पार्टी भर मांडवात निगुरा म्हणते. आणि गुरूनंच नाव घेऊ दिलं नाही तर मग संपलंच, तो माणूस त्यांचा नव्हेच. सात वर्षांची तू कमरेवर हात ठेवून ‘तात्याराव गुरू माझे’ असं घोळवून म्हणायचीस आणि आजोबा लाजायचे. एवढा सहा फुटी माणूस, पण लाजायचा.

मागच्या हिवाळ्यात आपण कॉलेजांची यादी करायला बसलो, ते दिवस चांगले होते. ऑफिसात सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या त्रुटी काढतोय, पहिल्यांदाच घरचा अर्ज होता, म्हणून मी जरा चढलोच होतो. प्रत्येक कॉलेजची वेगळी फाइल, वेगळा रंग. पुण्याला हॉस्टेलची खात्री नव्हती. छत्तीसगडचं फार लांब म्हणून मी खोडलं. बडोद्याचा अभ्यासक्रम तुला आवडला होता, चार वर्षांत दोन वर्षं नुसता रियाज आणि मैफल, म्हणून तू दोनदा खूण केलीस. मी मात्र दिल्ली, दिल्ली करत राहिलो. मेट्रोनं जाता येईल, घरचं जेवण मिळेल, आजोबांना सोबत होईल. सोबत कुणाला हवी होती हे तुला तेव्हाही कळलं असेल.

मग एप्रिलमध्ये तो फॉर्म आला. दिल्ली आणि बडोदा, दोन्ही कॉलेजांना जवळपास सारखाच. गुरूचं नाव, शिक्षणाचा कालावधी, परंपरा. तू लॅपटॉपवर आजोबांचं नाव टाइप करायला घेतलंस आणि मी म्हटलं, थांब, आधी त्यांना विचारून येतो. बाल्कनीत गेलो, परत आलो आणि तुला सांगितलं, की ते नको म्हणतात. ही काही माझी शागीर्द नाही, शेजारी बसायची म्हणून शिकली, माझं नाव लावू नका म्हणाले. तुझा चेहरा पडला. मग मीच त्या रकान्यात नोएडाच्या चंद्रप्रभा मॅडमचं नाव घातलं, कालावधी तीन वर्षं. मॅडम चांगल्याच आहेत, परीक्षांचा अभ्यास त्यांनीच करून घेतला, पण तुझा आवाज काही त्यांनी घडवला नव्हता. त्या दिवसापासून तू आजोबांजवळ पेटीवर बसणं सोडलंस. विचारायला गेली नाहीस, कारण तू माझ्यावर गेलीस, ताठ. दिल्लीच्या ऑडिशनला तू अगदी बेतानं गायलीस, हे तू स्वतःच सांगितलंस. परीक्षकांनी विचारलं, आवाजात ही धार कुठून आली, तर तू म्हणालीस, क्लासमध्ये. अकरा जूनला आजोबा गेले, तेव्हा तुमचं बोलणं चहा आणि औषध यापलीकडे उरलं नव्हतं.

आता एक जुनी गोष्ट. तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नाही. मी दिल्लीत नवा लागलो तेव्हा आम्ही पाचजण डबे एकत्र उघडायचो. एकदा वडिलांचा विषय निघाला. मी फुशारकीनं सांगितलं, माझे वडील गवई आहेत. एकानं मोठ्या आदरानं विचारलं, अच्छा, कौनसा घराना? मी म्हटलं, घराणं नाही, ते भीमगीतं गातात. कुणी वाईट बोललं नाही, अगदी वाह-वाह केलं. पण दुसऱ्या दिवसापासून एकाला उपास, एकाला मीटिंग, आणि आठवड्याभरात माझा डबा माझ्याच टेबलावर आला. तो आजतागायत तिथेच आहे. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी सांगतो, वडील शेती करायचे. आपली शेती कुठली, सांग. अगं, त्याच शेतीच्या नावावर मी सत्तावीस वर्षं काढली. आजोबा दिल्लीत आले तेव्हा ऑफिसातल्या एकालाही मी घरी बोलावलं नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात जयंतीला ते गायला बसले, तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो आणि गर्दीचं निमित्त सांगितलं.

मागच्या रविवारी राजाभाऊ आले होते. पार्कातल्या बाकावरचे आजोबांचे सोबती, रेल्वेतून रिटायर झालेले. बसले, चहा घेतला, तुझी चौकशी केली. मग म्हणाले, वाल्मीकराव, एक विचारू का, तात्यांची नात त्यांच्यावर रागावली होती का? एप्रिलमध्ये त्यांनी अख्ख्या पार्काला पेढे वाटले म्हणे, आणि मे महिन्यात रोज एकच घोर, की पोरगी आताशा पेटीवर बसत नाही, माझंच काही चुकलं असेल. राजाभाऊंनी विचारलं, पेढे कसले होते हो? त्यांना मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. सात दिवस झाले, अन्न गोड लागत नाही.

पेढे कसले होते ते आता तुला सांगतो, त्यासाठीच हे पत्र. श्रावस्ती, आजोबांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी बाल्कनीत गेलो तेव्हा ते लसूण सोलत होते. मी त्यांना काही विचारलंच नाही. त्यांनीच वर बघून विचारलं, ‘फॉर्म भरून राहिले का रे? गुरू म्हणून कोणाचं लिवलं?’ आणि मी म्हटलं, ‘तुमचंच, बाबा.’ त्याचेच ते पेढे. आत येऊन तुला उलटं सांगितलं. मला वाटलं, त्या नावाबरोबर तुझाही डबा वेगळा होईल. हे कारण आहे, सबब नाही. ऑडिशनहून तू आलीस, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून दारात बसले होते, आठवतं? ‘नाव विचारलं का वं त्यायनं?’ असं म्हणाले, तर तुला तो टोमणा वाटला. तू म्हणालीस, ‘विचारलं, जे लिहिलंय तेच सांगितलं,’ आणि आत निघून गेलीस. ते मात्र तिथेच बसून राहिले, डोळे पुसत, आणि मला म्हणाले, ‘पोरीनं एवढ्या मोठ्या माणसायसमोर माहं नाव घेतलं.’ मी बाजूलाच उभा होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही. बडोद्याला फोन करून विचारलंय मी, छापील फॉर्म हातात देताना त्यात पेनानं दुरुस्ती चालते. फॉर्मची छापील प्रत जोडलीय, त्यात अजून मॅडमचंच नाव आहे, या वेळी त्या रकान्याला मी हात लावलेला नाही. उन्नतीला घेऊन जा, मी तिथे येणार नाही. गाऊन झाल्यावर मला फोन करावासा वाटला तर कर, नाही वाटला तरी माझी काही तक्रार नाही.

तुझाच,
पप्पा