जास्तीची पौर्णिमा

मालेगाव (जहांगीर), जि. वाशिम
६ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहा हिस,
अशफाककाकाच्या अनेक दुआ.

इकडे सगळे खुशाल आहेत. सोयाबीन निघालं, आता हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, त्यामुळे दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग पडलाय. लोकांच्या मोटारी जळतात तेव्हा आमची चूल पेटते, हे तू लहानपणी मला चिडवून म्हणायचीस. फरहतकाकू विचारते आहे, नागपुरात वेळेवर जेवतेस की नाही. तुझी आजी बरी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले. मी पाहिला हे तुला निळ्या खुणांवरून कळलंच असेल. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. फोन केला असता, पण तू "असू द्या काका" म्हणशील आणि मी खरंच असू देईन. मला मी चांगला ओळखतो. म्हणून पत्र लिहितोय आणि आजच स्पीड पोस्टानं टाकतोय, म्हणजे परत घेता येणार नाही.

तू विचारलंस: "काका, २०१८ मध्ये एक पौर्णिमा सुटली आहे, २९ मेची. बाकी सगळं सलग आहे म्हणून विचारते. कुठे चिठोऱ्यावर लिहून ठेवलं असेल तर बघा ना." आणि खाली लिहिलंस की पंधरा तारखेला विहिरीची सगळी वाचनं सगळ्यांसाठी खुली करणार, जगात कुठलाही संशोधक ती वापरू शकेल, आणि वर नावं असतील दोन. पुंजाजी आणि अशफाक.

चिठोरं नाही, बेटा. पण त्या एका रिकाम्या जागेबद्दल विचारलंस ते बरं केलंस. रिकामी जागाच तेवढी खरी आहे.

आता सरळ लिहितो. चैत्र २०१६ पासून ज्येष्ठ २०१९ पर्यंतचे आकडे खोटे आहेत. एकोणचाळीस आहेत. मी काल पुन्हा मोजले.

तुझ्या आजोबांनी, पुंजाजीबाबांनी, शिरपूर रस्त्यावरची ती विहीर १९९१ पासून मोजायला घेतली, हे तुला माहीत आहे. वस्तीतल्या लोकांनी श्रमदानानं नाल्यात दगडी बांध घातले होते आणि बाबांना बघायचं होतं की त्यानं विहिरीचं पाणी वाढतं की नुसतेच हात सोलले. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की ते दोर घेऊन निघायचे. दोराला फुटाफुटावर गाठ, खाली अर्ध्या किलोचं वजन. वजन पाण्याला लागलं की दोर काठावर चिमटीत धरायचा, आणि आकडा लिहिण्याआधी मोठ्यानं बोलायचा. विहिरीत वाकून. मग घरी येऊन लिलामायसमोर, तुझ्या आजीसमोर, बोलायचा, तिनं तो फिरून म्हणायचा, तेव्हा कुठे वहीत जायचा. लिलामायला लिहिता-वाचता येत नाही, पण बावीस वर्षांची वाचनं तिच्या तोंडून गेलेली आहेत.

अधिक महिन्याला बाबा अधिक म्हणत नसत. "मले त्या मयन्याचं काही घेनंदेनं नाही," म्हणायचे, "चांद पुरा दिसला का मोजाचं." वहीत लिहायचे, जास्तीची पौर्णिमा.

२०१३ मध्ये जाताना त्यांनी वह्या माझ्याकडे दिल्या. तुझा बाप प्रसेनजित आणि मी एका बाकावर बसलेले, पण तो नोकरीनिमित्त नागपूरला. मला म्हणाले, "अशफाक, तुयावाला आवाज मोठा हाय, विहिरीत चांगला घुमते." तीन वर्षं मी इमानदारीनं मोजलं. तेवढं मान्य कर.

मग आमच्या अरसलाननं गाड्या धुण्याचं सेंटर काढलं. पोरगा बारावीत दोनदा आपटला होता, रिकामा फिरत होता, मलाच घाई झाली होती. जागा विहिरीजवळचीच मिळाली आणि साठ-सत्तर पावलांवर मीच बोअर मारली. मोटारही मीच बसवली. सकाळी आठपासून फवारा सुरू व्हायचा.

त्या चैत्रात मी दोर सोडला तर एकतीस फुटांवर पाणी लागलं. आदल्या वर्षी पंचवीस होतं. काठावर उभा राहून मला सेंटरच्या मोटारीचा आवाज ऐकू येत होता, आणि विहिरीत आकडा बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. नळ आल्यापासून तिथे कोणी वाकून पाहत नव्हतं, वर जाळी बसली होती. पण लिलामाय दारात बसलेली होती.

"किती?"

"पंचवीस," मी म्हणालो.

"पंचवीस," ती म्हणाली. "म्हंजे बांध पानी धरून राह्यले. अशफाक, ते असते तं किती खुश झाले असते."

त्यानंतर मी विहिरीवर गेलोच नाही. पौर्णिमा आली की वही उघडायची, मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा बघायचा, अर्धा फूट इकडे-तिकडे करायचा आणि लिलामायच्या दारात जाऊन बोलायचा. मोटारीचं वायंडिंग करताना एक वेढा चुकला तर मी सगळं उसवून पुन्हा भरतो. तो मीच, आणि हा पण मीच.

२०१८ मध्ये गंमत झाली, म्हणजे तुला गंमत वाटणार नाही. २९ मेला पौर्णिमा होती आणि मागच्या वर्षीच्या पानावर तिच्यासाठी ओळच नव्हती. जास्तीची पौर्णिमा. नक्कल करायला काही नाही, म्हणून दोर घेऊन मला खरंच जावं लागलं. अडतीस फूट दोर गेला आणि खाली ठक्क वाजलं. पाणी नव्हतं. मी पुन्हा सोडला, पुन्हा ठक्क. लिलामाय उन्हाळाभर तुमच्याकडे नागपूरला होती, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. मी वहीत काहीच लिहिलं नाही. जूनमध्ये गेल्या वर्षीचा ज्येष्ठ उतरवून काढला, आणि वहीत विहीर पुन्हा भरली.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बोअर हवा फेकायला लागली. सेंटर बंद झालं, अरसलान पुण्याला कंपनीत लागला. आषाढ २०१९ पासूनची वाचनं खरी आहेत. पण मागचं खोडायला मी काही गेलो नाही. काहून? तर वह्या कोण बघणार, असं वाटलं. मग तू आलीस.

तू वह्या मागितल्यास तेव्हाच बोलायला हवं होतं. तू प्रत्येक पानाचा फोटो काढत होतीस आणि म्हणत होतीस, "काका, असं काम सरकारी खात्याकडेसुद्धा सापडत नाही." मी चहा सांगितला. तुमच्या सरांनी मला नागपूरला बोलावून शाल दिली. तो फोटो दुकानात काउंटरच्या मागे लावलाय, गिऱ्हाइकांना मी स्वतःहून दाखवतो. लाज वाटते लिहायला, पण दाखवतो.

आणि तुझ्या भाषणाचं नाव तू मला पाठवलंस: "दुष्काळात न हललेली विहीर." स्नेहा, ती विहीर हलली होती. ती कोरडी पडली होती. न हललेला होता तो माझा हात, नक्कल करणारा. तू सगळं श्रेय बाबांच्या बांधांना दिलंस, ते वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. गप्प बसलो असतो तर बाबांचं नाव मोठं होत होतं, असंही मनाला सांगून पाहिलं. पण उद्या दुसऱ्या कुठल्या गावानं तुझे आकडे बघून असेच बांध घातले, आणि शेजारी बोअर मारायला काही हरकत नाही असं समजले, तर?

सगळ्यात वाईट काय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्या वर्षांत पाऊस कमी होता आणि माझी बोअरही होती. बांधांनी पाणी धरलं का, किती धरलं, धरलं नाही तर कोणामुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बाबांनी ज्या प्रश्नासाठी बावीस वर्षं दोर ओढला, त्याचं उत्तर मिळायची वेळ आली आणि तेवढी पानं मी खाल्ली.

तेव्हा असं कर. ते एकोणचाळीस आकडे काढून टाक. एकतीस आणि कोरडी, हे दोन मी वर लिहिले ते खरे आहेत, पण वहीतले नाहीत, माझ्या आठवणीतले आहेत. घ्यायचे की नाही ते तू बघ. घेतलेस तर आठवणीतले असं लिही. बाबांचं नाव आहे तिथे राहू दे. माझं नाव त्या रिकाम्या जागेपुढे टाक, आणि कारण पण टाक. भाषण रद्द करावं लागलं तर तुमच्या सरांना माझा नंबर दे. मी बोलेन.

काल कार्तिक पौर्णिमा होती. वाचन घेऊन मी लिलामायकडे गेलो आणि आकडा सांगण्याआधी हे सगळं सांगितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "एवढे दिस मी फुकटचीच खुश होऊन राह्यली होती का रे?"

तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"पोरीले सांगतलं?"

"नाही, माय."

"मी नाही सांगनार. तू सांग."

मी हो म्हणालो. मग चाचरत म्हणालो, "आज नऊ फुटावर हाय." तिनं आकडा फिरून म्हटला नाही. भिंतीला धरून उठली आणि चपला पायात सरकवल्या.

"चाल. मले ने थितं."

ब्याऐंशी वर्षांची बाई. गुडघे वाकत नाहीत, तीन वर्षांत अंगणाबाहेर गेलेली नाही. मी तिला स्कूटरवर मागे बसवून नेलं. जाळीचं झाकण उघडलं, दोर सोडला, वजन पाण्याला लागलं. ती कठड्यावर पोटानं वाकली आणि मी तिचा दंड धरून ठेवला. दोर वर येत गेला तसतशी तिनं एकेक गाठ स्वतःच्या बोटांनी चाचपली. नऊच भरल्या. माझ्याकडे न बघता ती विहिरीत बोलली, "नऊ." परत येताना म्हणाली की यापुढे दर पौर्णिमेले तिला न्यायचं, ती असेल तरच लिहायचं. मी खरं सांगितलं होतं, स्नेहा. तरी तिला येऊन मोजावं लागलं.

कालचं वाचन तुझ्यासाठी खाली देतो.

कार्तिक पौर्णिमा, ५ नोव्हेंबर २०२५. नऊ फूट.
लिलाबाई पुंजाजी यांनी स्वतः मोजले.
दोर धरला, अशफाक.