आसरांच्या ओवरीतला चुना

दादा, लिहितेय तुमची पणती, माझी नात, आणि सांगतेय मी. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच शाळेत घातलं नाही. त्यावर आज भांडायचं नाही. आज माझीच मान खाली आहे.

ही पोरगी इंजिनियर झाली, आणि आता वर आणखी दोन वर्षं जुन्या इमारती जपायचं शिकतेय. मी म्हटलं, "अगं, जुनी इमारत घरातच हाय की, आधी माझ्या गुडघ्याला टेकू लाव." हसली, आणि मोठ्या अभ्यासाला तिनं आमच्या गावची बारव निवडली. तीच, पाण्यातल्या देवींची, साती आसरांची. पायऱ्या उतरल्यावर जी ओवरी लागते तिला तुम्ही चुन्याचा गिलावा केला होता, आणि त्याच कामावर असताना माझं लग्न या गावात जमवलं होतं. तुम्ही भिंत घोटताय, मी तांब्यानं पाणी मारतेय. एकदा कंटाळून मी एक कोपरा सुकाच सोडला, तर मागं न बघता तुम्ही म्हणालात, "त्या कोपऱ्याला तहान लागलीय, बाई. तू जेवलीस न्हवं?" तेवढंच. त्यापेक्षा मार परवडला असता.

पोरगी तिच्या सरांना घेऊन आली. पणजोबांचं काम दाखवते म्हणून रस्ताभर तोंड बंद नव्हतं. ती पुण्याला हॉस्टेलात. गेल्या नवरात्रात आम्ही भजनी मंडळाच्या बायांनी ओवरीचा जीर्णोद्धार केला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खाली उतरलो. चुन्यावर सिमेंट, सिमेंटवर गुलाबी ऑइलपेंट, खालून कमरेपर्यंत टाइल्स. सरांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मी पदर सावरून पुढं. "कुणी म्हंजे? आमीच. लई कळकट झालं हुतं." पोरगी टाइलकडं बघत राहिली, बघून गेलेल्या स्थळानं नकार कळवावा तशी.

संध्याकाळी मी भाकरी थापतेय, ती चुलीपाशी बसलीय. म्हणाली, "आजी, बारवेची ओल चुन्यातून बाहेर पडायची. सिमेंटनं ती आत कोंडली. मागचा चुना भुसभुशीत होतोय." मी म्हटलं, "म्हंजे?" "म्हंजे पणजोबा आतल्या आत कुजतायत," म्हणाली आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बाजूचा तुकडा छिन्नीनं काढला. सिमेंटबरोबर तुमचा गिलावाही आला, माझ्या हातात ओल्या पिठासारखा. मला वाटलं होतं मी आसरांची सेवा केली. सेवाच केली, दादा, फक्त तुम्हाला पुरून.

एक भिंत अजून धरून आहे. पावसाळ्याआधी सिमेंट उतरवलं तर वाळेल, वाचेल, असं ही म्हणते. पण बाया म्हणतात आसरा कोपतील. म्हणणारच, आसरांना नवं घर पाहिजे असं बायांना मीच सांगितलं होतं. "आजी, तू एकदा त्यांच्यासमोर म्हण ना, चुकलं म्हणून. तुझंच ऐकतील." मी रोज व्हय व्हय म्हणते आणि रोज माझा गुडघा दुखतो.

बाया ऐकतील, दादा. अडलंय ते दुसरीकडंच. वाचण्यासारख्या त्या भिंतीवरच संगमरवरी पाटी ठोकलीय, बायांच्या नावांची, पहिलं नाव माझं. सिमेंट उतरवायचं तर आधी पाटी उतरणार. माझं नाव आजवर रेशनकार्डावर तेवढं होतं, तेही नवऱ्याच्या खाली. तुम्ही सगळी ओवरी केलीत आणि कुठं एक खूण ठेवली नाहीत, आणि मी...

पोरगी थांबलीय. विचारते, "आजी, हे पण लिहू?" लिही म्हटलं. पाठवायचंय कुठं, घडी घालून मला दे. आणि हेही घाल, की आज सकाळी आसरांची पूजा करायला खाली गेले हे मी तुला खोटं सांगितलं. माझ्या नावावरून बोट फिरवायला गेले होते.