मर्विनच्या हवाली सात मेंढ्या

मी, ग्लेनिस मॉड एटकेन, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार वारिंगा, पश्चिम ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे, डोकं जागेवर आहे. ते कधीच जागेवर नव्हतं असं मानणारे गावात पुष्कळ असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांना विचारावं. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. स्टेशन रोडवरचं माझं पत्र्याचं घर विकून येईल ती रक्कम आणि बँकेतली शिल्लक पर्थच्या आमच्या प्राणी संघटनेला द्यावी. जिवंत मेंढ्या बोटीने परदेशी धाडणं बंद करायचा कायदा झाला म्हणजे काम संपलं असं समजून त्यातून ऑफिसला नवा सोफा घेऊ नये.

२. फ्रीमँटल बंदराच्या फाटकावर मी इतकी वर्षं ज्यातून ओरडले तो भोंगा ब्रूनो वुकोविच याला द्यायचा होता. ब्रूनो मेंढ्यांचा ट्रक बोटीपर्यंत न्यायचा, आणि त्या भोंग्यातून सर्वांत जास्त बोलणी त्यानेच खाल्ली. एकदा काच खाली करून म्हणाला, "बाई, घसा बसेल तुमचा. ह्या घ्या लिंबाच्या गोळ्या." मी गोळी तोंडात टाकली आणि पुन्हा ओरडले. हल्ली तो शेजारीच राहतो. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. म्हणून भोंगा आज जिवंतपणीच त्याच्या हातात दिला आहे. त्याच्या बायकोच्या विनंतीवरून बॅटरी काढून घेतली.

३. माझं नाव पेपरात आलं त्या वर्षी वारिंगा महिला मंडळाने जत्रेतल्या स्पर्धेच्या टेबलावरून माझा फ्रूट केक उचलून टेबलाखाली ठेवला. त्या केकची कृती मी मंडळाला देते. जिन्नस सगळे लिहिले आहेत, एकही गाळलेला नाही. माझा राग गेला असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

४. आता थोडं सविस्तर लिहिते, कारण शेवटचं कलम वाचून आमच्या संघटनेची मंडळी वकिलाकडे धावतील.

वडिलांच्या मागे शेत आणि मेंढ्या माझ्या धाकट्या भावाला, मर्विनला मिळाल्या. मी एका पशुवैद्याच्या हाताखाली काम करायचे. एका उन्हाळ्यात आखाताकडे निघालेल्या मेंढ्यांच्या बोटीवर देखभालीसाठी गेले. अर्ध्या वाटेत खालच्या मजल्यावर हवाच उरली नाही. मेंढ्या तोंडं वासून एकमेकींना टेकून उभ्या होत्या, कारण खाली बसलेली पुन्हा उठत नव्हती. मेलेल्या एकीच्या कानातला बिल्ला मी बोटाने पुसला, तर तो आमच्या शेताचा निघाला. परत येऊन मी पेपरवाल्यांना सगळं सांगितलं, बिल्ल्यासकट.

मर्विन दारात आला. आत आला नाही.

"बोटीबद्दल काय ते बोल. आपलं नाव कशाला चव्हाट्यावर मांडलंस, ग्लेन?"

"मी नाही मांडलं, मर्व. ते तिच्या कानातच होतं."

त्यानंतर त्याने बोलणं टाकलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर मी तेच सांगेन.

५. पुढे ट्रकमधून पडलेल्या, मोडक्या पायांच्या मेंढ्या माझ्याकडे येऊ लागल्या. मेंढीची लोकर दरवर्षी उतरवावी लागते. नाहीतर भाराने ती उलथी पडते, पाय वर करून तशीच राहते, आणि माश्या अंगात अळ्या करतात. पण माझ्या आवारात पाऊल टाकायला गावातला एकही लोकर कापणारा तयार होईना. "आम्हाला पबमध्ये तोंड दाखवायचंय, ग्लेनिस," असं एकाने फोनवर स्पष्टच सांगितलं. डिसेंबर लागला, ऊन चढलं. संघटनेची चिटणीस जॅसिंटा पर्थहून आली होती. ती म्हणाली, "निसर्गावर सोडून द्या ना." मी म्हटलं, "बाई गं, ही मेंढी निसर्गाने नाही केली, आपण केली." दोघी मिळून कात्रीने एका मेंढीची लोकर उतरवायला बसलो, तर तिला दोन जखमा झाल्या आणि जॅसिंटाला तीन.

त्याच आठवड्यात मर्विनची गाडी फाटकाशी थांबली. त्याने लोकर कापायचं यंत्र उतरवलं आणि सरळ शेडकडे निघाला.

"मर्व..." मी म्हटलं.

"तुझ्यासाठी नाही आलो. मेंढ्यांसाठी आलोय."

बंदराच्या फाटकावर मी ट्रकवाल्यांना हेच सांगत आले होते, की बाबांनो, भांडण तुमच्याशी नाही, मी मेंढ्यांसाठी आलेय. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. मी त्याच्यावर ठेवला.

तेव्हापासून दर वसंतात, म्हणजे आमच्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास, तो येतो. मी कुंपणाच्या खांबावर चहा ठेवते. तो पितो, कप खांबावर पालथा घालतो आणि जातो. यंदा बोटी बंद करायचा कायदा झाला. मर्विनला निम्मा कळप पडत्या भावात काढावा लागला. माझ्या कुंपणावर कोणीतरी रंगाने घाण लिहून गेलं. यंदा तो येणार नाही असं मी धरूनच चालले होते, आणि त्याने आलं तरी कशाला पाहिजे? तो आला. सातही जणींची लोकर उतरवली, एकीलाही ओरखडा नाही. कप पालथा घातला. मग गाडीतून ब्रश काढला आणि कुंपण घासूनपुसूनच गेला.

६. माझ्या पश्चात माझ्या सात मेंढ्या, मागचं कुरण आणि शेड मर्विन रॉय एटकेन याला मिळावं.

जॅसिंटा रडकुंडीला आली. "तो विकेल त्यांना, ग्लेनिस! धंदाच तो आहे त्याचा!" वकील म्हणाले, अट घाला, विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. मी अट घातलेली नाही. खांबावरच्या चहाला कधी अट नव्हती.

फक्त एवढंच नोंदवून ठेवते. आमचे वडील म्हणायचे, "विकायच्या जनावराला नाव द्यायचं नाही. दिलंत, की ते घरचं झालं." मर्विनने ते आयुष्यभर पाळलं. माझ्या सहा मेंढ्यांची नावं डचेस, बिस्किट, विनी, थर्सडे, लंगडी फ्लो आणि मिसेस पील. सातवी, फाटक्या कानाची, यंदाच आली. तिला मी मुद्दाम नाव दिलेलं नाही. ते मर्विनने द्यावं.

सही: ग्लेनिस मॉड एटकेन

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. ब्रूनो वुकोविच, निवृत्त ट्रकचालक
२. इव्हॉन डन्स्टल, ग्रंथपाल

वारिंगा, नोव्हेंबर २०२४