बदकाची चिठ्ठी

दि. ९ ऑक्टोबर
दुपार, ऑफिसातून

चि. ठोक्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं बरे असाल असं धरून चालते. इकडे मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला मला वेळ नाही. हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींत मी हवापाणी आणि गुडघाच लिहिला होता, त्यामुळे उत्तर न देण्याबद्दल तुला बोल लावत नाही. मलाही कुणी असली पत्रं पाठवली असती तर मी रद्दीत घातली असती.

छोटी परवा फोनवर भेटली. आत्याशी बोलताना तिचा आवाज हल्ली पाहुण्यांशी बोलल्यासारखा येतो. तू त्या फर्निचरच्या दुकानात अजून आहेस, लोकांच्या घरी जाऊन कपाटं जोडून देतोस, असं म्हणाली. स्क्रू मोजून येतात, भोकं आधीच पाडलेली असतात. मी विचारलं, बाबा घरी काही करतो का गं लाकडाचं? तर म्हणे, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आहे. मी विषय बदलला. शाळेतलं काहीबाही विचारलं.

आपल्या खेळण्यांच्या नमुना विभागाची खबर देते. खोली तीच, टेबलं तीच, माणसं मात्र निम्मी. टाकेबाई अजून कापडी अस्वलं शिवते. मागच्या आठवड्यात नवीन ससा आणला तिने, छान होता, एक कान मुद्दाम दुमडलेला. माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणाली, "मॅडम, असा ससा आधी दुसऱ्या कंपनीने काढलाय, मी बघून आलेय, काळजी करू नका." कळलं का तुला? ही तीच बाई, जिने एकदा सहा पायांची गाय शिवली होती आणि विचारल्यावर म्हणाली होती, "चारांवर उभी राहीना." आता कुणी काही आधी करून आलेलं असलं की सगळ्यांना हायसं वाटतं. नवे साहेब (मी मनातल्या मनात त्यांना मोजपट्टी म्हणते, तू असतास तर याहून वाईट नाव ठेवलं असतंस) दर सोमवारी विचारतात, "काही नवीन?" सगळे माना खाली घालतात. परवा ते मला म्हणाले, "तुमच्या टीममध्ये जरा धाडस कमी वाटतं." मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

फळी काढली. खिडकीखालची, फसलेल्या नमुन्यांची. ती काढली तेव्हा भिंतीवर फिकट पट्टा राहिला, त्याला अजून रंग लावलेला नाही.

ती फळी मीच आणली होती, हे तुला सांगायला नको. फसलेली वस्तू लपवायची नाही, फळीवर ठेवायची, तिला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन ओळी: नाव, काय केलं, काय कळलं. शुक्रवारी चहाच्या वेळी ज्याची चिठ्ठी त्याने उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या शुक्रवारी कुणी उठेना. तू उठलास, ती गळकी खेळण्यातली होडी घेऊन, आणि असं काही सांगितलंस की रंगारी हसता हसता खुर्चीवरून घसरला. तिथून सुरुवात झाली. नाव लिहायचा आग्रह माझा होता. रंगारी म्हणायचा, मॅडम, नाव कशाला, वस्तू दिसतेय की. मी म्हणायचे, नाव लपवलं म्हणजे भीती आहे, आणि आपल्याकडे भीती नाही. फार शहाणी होते मी.

तुझ्या नऊ चिठ्ठ्या होत्या, सगळ्यांत जास्त. रंगाऱ्याच्या सात. जो सगळ्यांत जास्त करून बघतो त्याचीच जास्त फसतात, हे शेंबड्या पोरालाही समजेल. मालक बदलले आणि मोजपट्टीने पहिल्याच आठवड्यात फळीसमोर खुर्ची घेतली. चिठ्ठ्या एकेक करून वहीत उतरवल्या. त्यांना वाटलं, वा, कुणाला काढायचं हे ठरवायचं आपलं काम यांनी तर आधीच करून ठेवलंय. तू गेलास, रंगारी गेला, खोकेवाला गेला.

त्या वेळी मी तुला म्हटलं होतं, मी काही बोलले असते तर लोक म्हणाले असते, सख्खा भाऊ म्हणून वाचवतेय. ते खोटं नव्हतं. ऑफिसात सगळे मला बहीण-साहेब म्हणून चिडवायचेच. तू ऐकून घेतलंस, जेवणाचा डबा पिशवीत टाकलास आणि गेलास. त्या वाक्यामागे मी दोन वर्षं लपून बसले आहे, ठोक्या. आता तिथे बसवत नाही.

बदकाचं लिहिते.

चाकाचा दांडा बारीक कर, असं मी सांगितलं होतं. दोरीने ओढल्यावर बदक जास्त डुलावं म्हणून. तू म्हणालास, "अक्का, तुटेल हा." मी म्हटलं, "प्रमुख कोण आहे इथे?" हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. दांडे तुटले, चाकं निखळली, आतला बारका खिळा बाहेर यायला लागला. नशीब, कुठल्या पोराच्या तोंडात गेला नाही. दुकानांतून सगळा माल परत आणावा लागला.

त्या शुक्रवारी जुने मालक फळी बघायला येणार होते. चिठ्ठी मी लिहायची होती. फळीवरची माझी पहिली. तू मला जिन्यात गाठलंस. "तू गप्प बस. तूच चुकलीस असं दिसलं तर ते फळी बंद करतील. माझ्या आठ आहेत, एक नववी." मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तू मालकांसमोर उभा राहिलास आणि माझी चूक तुझी म्हणून इतकी रंगवून सांगितलीस की ते स्वतः टाळ्या वाजवायला लागले.

त्या टाळ्यांवर मी अडीच वर्षं भाषणं दिली. "चुकायची मुभा" असं नाव होतं भाषणाचं. दुसऱ्या कंपन्या बोलवायच्या, माईक द्यायच्या, आणि मी सांगायचे की आमच्याकडे एक कारागीर आहे, त्याचं बदक फसलं. फळीवर माझ्या नावाची एकही चिठ्ठी कधी लागली नाही. कुणी विचारलंही नाही. प्रमुखाचं काही फसत नसतं, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि मीही.

मोजपट्टीने ती चिठ्ठी माझ्यासमोर धरली होती. "बाकी आठ किरकोळ आहेत, आठांवर मी माणूस काढला नसता. हे एक जड आहे. हे तुमच्या भावाचंच ना?" खोलीत आम्ही दोघंच होतो. दार बंद होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नाव लिहिलंय ना त्यावर."

आईचंही लिहायला हवं. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तुझ्या धसमुसळेपणामुळे माझ्या विभागाचं नाव गेलं. येईल त्याला सांगायची. तू भेटायला आलास की तिचं तोंड भिंतीकडे असायचं, आणि तू खुर्चीत बसून तिच्या गोळ्यांच्या पुड्या नीट लावून ठेवायचास. दवाखान्यात शेवटच्या सकाळी तिने मला विचारलं, "त्याने का गं असं केलं?" मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "झोप आई." तू बाहेर बाकावर होतास. दार उघडंच होतं. तुला ऐकू गेलं असेल की नाही, हे मला अजून माहीत नाही, आणि विचारायची छाती होत नाही.

मंगळवारी भाषण होतं. मोठा हॉल, पुढच्या रांगेत वह्या घेऊन बसलेले मॅनेजर. बदकापर्यंत आले आणि सगळं सांगून टाकलं. दांडा माझा, हट्ट माझा, नाव भावाचं, नोकरी गेली भावाची. आईचं तेवढं सांगितलं नाही. वाटलं होतं कुणीतरी उठून जाईल, कुणीतरी निदान मान खाली घालेल. टाळ्या वाजल्या. बराच वेळ. चहाच्या वेळी एक गृहस्थ येऊन म्हणाले, "मॅडम, शेवट फार परिणामकारक केलात, आमच्या लोकांसाठी वापरू का?" मी चहा तसाच ठेवून निघून आले.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टीकडे गेले. तेच सगळं सांगितलं, तुला परत घ्या म्हटलं, माझ्या जागेवर घ्या म्हटलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "त्या जागाच आता राहिल्या नाहीत. आणि तुमचा विभागही मार्चपर्यंतच आहे, पुढे नमुने बाहेरून मागवू." टाकेबाईला मी अजून सांगितलेलं नाही. ती आत्ता समोर बसून सशाचा कान उलगडून सरळ शिवते आहे. दुमडलेला कान कुठल्याच कंपनीने काढलेला नाही, असं तिच्या लक्षात आलं.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. माफ केलंस तरी आईला कोण सांगणार, आणि तुझी पेटी काही माझ्या पत्राने खाली उतरायची नाही. पण तुझ्याकडे माझ्या अक्षरात एक तरी खरा कागद असावा.

सोबत बदकाची चिठ्ठी पाठवते आहे. फळी काढली तेव्हा ती मी खिशात घातली होती. तुझं नाव खोडून माझं लिहिलं आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे: सुतार नको म्हणत असताना दांडा बारीक करायला लावला, आणि नंतर गप्प बसले. तिसरी ओळ, काय कळलं. तिथे तुझ्या अक्षरात काहीतरी गमतीचं होतं, तेही खोडलं. सकाळपासून पेन धरून बसले आहे. ती ओळ कोरीच राहिली आहे, तशीच पाठवते.

छोटीला पापा. तुझ्या बायकोला काय लिहू, कळत नाही.

जिन्यात तिसऱ्यांदा नको न म्हणालेली,
तुझी
अक्का