कप हवेत ठेवला

३ मार्च
अंतराळ स्थानकावरून परत. तब्येत ठणठणीत. यानातून मला उचलून बाहेर काढलं, पण तो नुसता प्रोटोकॉल. सरळ रेषेवर चालून दाखवा म्हणाले. चाललो. रेषाच तिरकी आखली होती.
मी वर असताना मुलगी झाली, आमची चिमणी. घरी गेल्या गेल्या तिला कडेवर घेणार.

७ मार्च
घरी. वर वाढलेली दोन इंच उंची गेली. पिंडऱ्यांच्या पार काड्या झाल्यात. तळपायांची जाड कातडी वरच सोलून निघाली. फिजिओ म्हणाली, हाडं म्हाताऱ्याची झालीत. तिचं मशीन जुनं वाटतं.
बायको चिमणीला हातात देईना. म्हणाली, आधी तू नीट उभा राहा. मी उभाच होतो. भिंतीला टेकून, पण उभा.

१० मार्च, सकाळ
चहाचा कप फुटला. बायको म्हणते, टाकलास. मी टाकला नाही, ठेवला. कुठे ठेवलास, असं तिनं विचारलं. मी छातीसमोरची हवा दाखवली. वर ठेवलेली वस्तू जागच्या जागी राहायची. सवयीचा प्रश्न आहे, दोन दिवसांत सुटेल.

११ मार्च
चष्मा. साबण. मोबाइल. सगळं व्यवस्थित ठेवलं होतं.
सासूबाईंनी माझ्यासाठी प्लास्टिकचा ग्लास आणलाय. जावई म्हणून काही मान?

१५ मार्च, दुपार
डुलकी लागली. वर झोपलं की हात आपोआप तरंगत तोंडासमोर यायचे. अर्धवट जागेपणी ते कुणाचे आहेत हे कळायचं नाही. आज जाग आली तेव्हा माझे हात पांघरुणात होते. तरी तोंडासमोर दोन हात होते. बोटं जरा वाकलेली. काहीतरी मागत असल्यासारखे.
डॉक्टरांना सांगणार नाही. सांगितलं की तपासण्या वाढणार आणि चिमणी लांबणीवर पडणार. थकव्यानं होत असेल.

१८ मार्च
हात रोज येतात. मी लक्ष देत नाही. भीती वाटते, पण लक्ष देत नाही.
उशी कुशीत घेऊन सराव सुरू केला. दोनदा उत्तम. तिसऱ्यांदा उशी ठेवली. बायकोनं पाहिलं नाही, म्हणजे प्रगती आहे.

२४ मार्च, संध्याकाळ
बायकोनं जमिनीवर जाड गादी घातली, मला बसवलं आणि चिमणीला माझ्या हातात दिलं. केवढी जड. सहा महिने कशालाच वजन नव्हतं, मला स्वतःलासुद्धा. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. वर रडू आलं तर पाणी डोळ्यातच गोळा होऊन चिकटून बसायचं. आज ते गालांवरून ओघळलं. पुसायला एक हात उचलला. मग दुसरा.
चिमणी गादीवर पडली.

२४ मार्च, नंतर
डॉक्टरांनी चिमणीला तपासलं. गादी होती म्हणून काही झालं नाही. सासूबाई चिमणीला माझ्यापासून लांब घेऊन बसल्या.
बायको मात्र चिमणीला घेऊन जवळ आली. म्हणाली, घाबरू नकोस, मी खालून धरते, घे.
बायकोचे हात सोडून समोर चार हात पसरलेले दिसत होते. त्यातले माझे कुठले, ते मला सांगता येईना.
मी नको म्हणालो.