रुमालाखालून मोडलेला करार

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सुलतानपूर

अजून चीड जात नाही. आमची बाजार कमिटी आणि सरहद्दीपलीकडचे निजामी मोगलाईतले बाजार यांचे ठरले होते, की कापसातली सरकी काढणाऱ्या विलायती कंपनीकडून सगळ्यांनी सारखाच कर घ्यायचा. कंपनी म्हणाली, कर सोडा, कारखाना तुमच्याच गावी घालतो. झाले! आज आमची कमिटी करारातून बाहेर. आणि मते कशी घेतली? दलाल कापसाचा भाव ठरवतात तशी, रुमालाखाली बोटे दाबून. कोणाचे मत काय, ते कोणालाच कळू नये!

मी रुमालाखाली हात घातलाच नाही. सरळ वर केला आणि म्हणालो, "माझा नकार."

अध्यक्ष देशमुख हसले. "शास्त्रीबुवा, काऊन तमाशा करून राह्यले? पेपरात लिहू नका बरं. नाही तं कमिटीतली खुर्ची जाईन तुमची."

"तिचा एक पाय कधीच संन्यास घेऊन गेला, देशमुख. उरलेली खुशाल न्या."

उद्या कंपनी पलीकडे जाऊन हेच आमिष दाखवील. मग आम्ही आणखी काय सोडणार, रुमाल?

हात वर करून मी काय थांबवले? काही नाही. पण पेपरासाठी बातमी लिहिली. खाली नेहमी 'आमच्या बातमीदाराकडून' एवढेच असते. आज पूर्ण नाव घातले, गावासकट.